एआयने विनोदी कॉमिक स्ट्रिप करायचीय? मग आधी शेवटची चौकट लिहा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की चित्र अजिबात काढता येत नाही, पण इंदिरानगरातल्या तुमच्या सोसायटीत रोज एखादा किस्सा घडतो, त्याच्या चार चौकटींच्या स्ट्रिप्स करून ग्रुपवर टाकायच्यात. एआयला सांगितलं की चित्रं येतात चकचकीत, पण दर चौकटीत माणूस वेगळाच, मराठी अक्षरांचा पार चुराडा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी हसत नाही. कुठलं टूल घेऊ आणि प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, काय देऊ असं विचारलंय. मी नाशिकमध्येच हास्यचित्रं आणि छपाईची कामं करून पोट भरतो, दिवाळी अंकांसाठी वर्षानुवर्षं हातानेच काढत आलोय आणि अलीकडे एआय पण रोजच्या वापरात आहे, तेव्हा जे करतो ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

टूलचं आधी उरकून टाकतो कारण लोक त्यातच अडकून पडतात. चॅटजीपीटी किंवा जेमिनी, दोन्हीपैकी जे फोनमध्ये आहे ते घ्या. २०२२ मध्ये स्टेबल डिफ्युजन नावाचं चित्र काढणारं एआय आलं तेव्हा हाताला सहा बोटं आणि दोन अंगठे असा प्रकार होता, एकच पात्र पुन्हा काढायचं तर त्याची वीसेक चित्रं देऊन लोरा नावाचं छोटं मॉडेल घरच्या ग्राफिक कार्डवर शिकवत बसावं लागायचं. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत नवं चित्र मॉडेल आलं, ऑगस्टमध्ये जेमिनीत गूगलचं ते नॅनो बनाना नावाचं चित्र मॉडेल आलं, आणि तेव्हापासून 'हाच माणूस घे, फक्त उभा कर' हे साध्या भाषेत सांगून बऱ्यापैकी जमतं. फुकटात दोन्हीकडे दिवसाला मोजकीच चित्रं मिळतात, पण एका स्ट्रिपला तेवढी पुरतात, जर आधी ठरवून बसलात तर. मिडजर्नी नावाचं आणखी एक टूल आहे, ते फार देखणं काढतं, आणि विनोदी स्ट्रिपमध्ये देखणेपणाच नडतो, सोसायटीचा वॉचमन एकदम सिनेमातल्या हिरोसारखा दिसायला लागला की किस्सा मेलाच.

आता मुद्द्याचं. एआय म्हणजे पंगतीत नको नको म्हटलं तरी वाढत राहणारा माणूस आहे. एक वाक्य मागा, तीन देतो. माणूस हसतोय म्हणा, तो पोट धरून गडाबडा लोळतो. साधी गॅलरी मागा, तिथे कुंड्या, मांजर, सूर्यास्त, उडणारे पक्षी सगळं येतं. आणि स्ट्रिप चालते ती कमी केल्यावर. आपल्याकडे शि. द. फडणीसांनी एक शब्द न लिहिता नुसत्या रेषांवर लोकांना हसवलं, तिथे एखादी वस्तू जरी जास्त असती तरी गंमत गेली असती. त्यामुळे तुमचं खरं काम प्रॉम्प्ट लिहिण्याचं कमी आणि काढून टाकण्याचं जास्त आहे, आणि ते काम चित्र येत नसलेल्या माणसाला पण येतं, फक्त कान आणि डोळा पाहिजे.

विनोद एआयकडून लिहून घ्यायचा का? सरळ 'विनोदी स्ट्रिप लिहून दे' असं म्हणू नका. २०२३ मध्ये सोफी येन्च आणि क्रिस्टियान केर्स्टिंग या जर्मनीतल्या दोन संशोधकांनी चॅटजीपीटीकडून १००८ वेळा विनोद सांगून घेतला, त्यात ९० टक्क्यांहून जास्त वेळा तेच ते २५ विनोद फिरून फिरून आले. मॉडेलं तेव्हापेक्षा सुधारलीत, पण मराठीत मागितलं की अजूनही बंड्या आणि गुरुजी हजर होतात, किंवा शब्दाची कोटी, तीही इंग्रजीतून उचललेली, जी मराठीत लागूच होत नाही. तुमच्याकडे किस्से आहेत ना? मग विनोद तुमचाच, एआय फक्त रेघा ओढायला आणि थोडी बडबड करायला. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाहीये, वेळ वाचतो म्हणून सांगतोय.

एक स्ट्रिपच घेऊ म्हणजे कळेल. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्ख्या नाशिकात एकच विचारणा, कुठपर्यंत आलं? आणि बातम्यांत भले क्युसेकचे आकडे सांगू देत, आपण उत्तर देतो ते गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या हिशोबाने, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. होळकर पुलावर गर्दी करून लोक तेच बघत असतात. नाशिककराला यात काही विशेष वाटत नाही आणि बाहेरच्याला काही कळत नाही, बरोबर त्या फटीत स्ट्रिप आहे.

मी ती लिहिली ती उलटी, शेवटच्या चौकटीपासून. शेवटी काय हवं? घराबाहेर नदी धो धो वाहतेय आणि घरातला नळ कोरडा. एवढं ठरलं की मागची प्रत्येक चौकट फक्त एक काम करते, वाचणाऱ्याचं लक्ष बाहेरच्या पाण्यावर ठेवते, घरातल्या पाण्याचा विषयसुद्धा काढत नाही. मग पहिल्या चौकटीत पुण्यातला मुलगा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, फोनवर, 'नाना, टीव्हीवर पूर दाखवतायत! कुठपर्यंत आलंय पाणी?' दुसऱ्या चौकटीत पंचवटीतल्या गॅलरीत नाना, हातात चहाचा कप, 'मारुतीच्या गुडघ्यापर्यंत.' तिसऱ्यात तीच गॅलरी, तेच नाना, कप अर्धा झालेला, 'आता कमरेला लागलं.' चौथ्यात फोनमधून मुलाचा आवाज, 'आणि घरात?' आणि नाना मागे वळून न बघता, 'घरात कालपासून थेंब नाही.' मागे काकू नळाखाली रिकामी बादली धरून उभ्या. संपलं.

हाच किस्सा एआयला सांगून चौकटी लिहायला लावा आणि बघा काय येतं. साधारण असं येतं: मुलगा म्हणतो, 'बाबा, मी तुमच्याबद्दल खूप चिंतित आहे, कृपया सुरक्षित ठिकाणी जा.' नाना म्हणतात, 'अरे बाळा, काळजी करू नकोस, आम्ही नाशिककर आहोत!' आणि शेवटी, 'बाहेर पूर आणि घरात दुष्काळ, हीच तर आपल्या शहराची गंमत! हा हा हा!' म्हणजे आधी विनोद केला, मग तो समजावला, मग स्वतःच हसला. यातलं शेवटचं वाक्य उडवा, हसू उडवा, 'चिंतित' उडवा, जवळजवळ सगळंच उडवा. आपल्याकडचा बाप फोनवर 'अरे बाळा काळजी करू नकोस' म्हणतो का? तो म्हणतो 'तू जेवलास का' किंवा 'टीव्ही बंद कर आधी.' संवाद मोठ्याने वाचायचे, घरात कुणी असेल तर त्यालाच वाचायला लावायचे, जिथे त्याची जीभ अडखळते ते वाक्य पुस्तकी आहे.

तरी बडबड्याचा एक उपयोग होतो. स्ट्रिप लिहून झाली की त्याला द्यायची आणि विचारायचं, 'यातला कुठला शब्द काढला तरी चालेल?' हे तो मस्त करतो, कारण आता त्याला वाढायचं नसतं, उचलायचं असतं. किंवा शेवटच्या वाक्याचे दहा पर्याय मागायचे. दहापैकी नऊ भंगार असतात, आणि ते बघताना आपलं आपल्याला अकरावं सुचतं. 'थेंब नाही' हे दोन शब्द मला असेच सुचले, आधी 'पाणी आलं नाही' असं होतं आणि ते मिळमिळीत वाटत होतं, थेंब म्हटल्यावर बादलीचा आवाजच येतो.

आता चित्र. चारही चौकटी एकदम मागू नका. मॉडेलं हल्ली आख्खी स्ट्रिप एका फटक्यात देतात, पण मग सगळं एकाच अंतरावरून, सगळे समोर बघतायत, आणि एक चौकट बिघडली म्हणून दुरुस्त करायला गेलं की उरलेल्या तिन्ही हलतात. एकेक चौकट मागा, आणि त्याआधी पात्राचा एक कागद करून घ्यायचा, आम्ही त्याला कॅरेक्टर शीट म्हणतो, तोच माणूस समोरून, बाजूने, पाठमोरा, आणि दोन-तीन चेहरे, साधा, वैतागलेला, डोळे बारीक केलेला. मी नानांसाठी जे लिहिलं ते जवळपास असं: 'सत्तरीकडे झुकलेला सडपातळ महाराष्ट्रीय माणूस, बिनबाह्यांचा पांढरा बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, डाव्या खांद्यावर पंचा, चष्मा कपाळावर सरकवलेला, पांढरी झुबकेदार मिशी. जाड काळी एकसारखी रेघ, सपाट रंग, सावल्या नाहीत, फक्त चार रंग. पांढरी पार्श्वभूमी. चेहरा निर्विकार.' मराठीत लिहिलं तरी चालतं, कळतं त्याला, फक्त कॅमेऱ्याच्या भाषेतले शब्द, मीडियम शॉट, क्लोजअप, आय लेव्हल, फ्लॅट कलर, हे तसेच ठेवलेले बरे.

यातली मेख त्या पंचा-चष्मा-मिशीत आहे. तुम्ही म्हणता माणूस दर चौकटीत बदलतो, तो बदलणारच थोडा, कारण हे मॉडेल दरवेळी चित्र नव्याने उभं करतं, मागच्या चौकटीतला नाक-डोळ्यांचा नकाशा त्याने जपून ठेवलेला नसतो, संदर्भाचं चित्र दिलं तर तो त्याच्या जवळपास जातो इतकंच. मग आपण ओळख चेहऱ्यावर ठेवायचीच कशाला? अशा तीन खुणा द्यायच्या की नुसती काळी सावली काढली तरी नाना कळतील. वाचणारा नाक मोजत नाही, त्याला खांद्यावर पंचा दिसला की नाना. हाताने काढणारे पण हेच करतात, त्यांचीही नाकं दर आठवड्याला तंतोतंत जुळत नाहीत. चेकचा शर्ट मात्र देऊ नका, चौकडी दर चित्रात वेगळी येते आणि डोळ्यात खुपते. पट्ट्यांचा पायजमा तसा धोक्याचाच आहे, पण आपल्या गॅलरीत कठड्यामागे झाकला जातो म्हणून ठेवला.

मग प्रत्येक चौकटीला तो कागद सोबत जोडायचा आणि वर एक कच्चं रेखाटन. हो, तुम्हीच काढायचं, चित्र येत नसलं तरी. बॉलपेनने काडीमाणसं, डोकं म्हणजे गोळा, हात म्हणजे रेघ, गॅलरी म्हणजे एक आडवी रेघ, फोनवर फोटो काढून चढवायचा आणि सांगायचं, 'पहिल्या चित्रातला माणूस घे, दुसऱ्या चित्रातली मांडणी तशीच ठेव.' याने निम्मी डोकेदुखी जाते. कोण डावीकडे, कोण उजवीकडे, किती जवळून, हे शब्दात सांगत बसलात तर पान भरेल आणि तरी उलटं येईल. आणि डावं-उजवं फार महत्त्वाचं, आपण डावीकडून वाचतो, म्हणून जो आधी बोलतो तो डावीकडे, त्याच्या संवादाचा फुगा वर, दुसऱ्याचा उजवीकडे जरा खाली. पुण्यातला मुलगा उजवीकडे तोंड करून बोलतोय तर नाना डावीकडे तोंड करून, म्हणजे दोन वेगळ्या शहरात असून एकमेकांशी बोलतायत असं आपोआप वाटतं.

दुसरी आणि तिसरी चौकट मी वेगवेगळी मागितलीच नाही. दुसरी झाली की तिचीच कॉपी केली, फक्त कपातला चहा कमी केला आणि पावसाच्या रेघा वाढवल्या, बाकी ठिपकाही हलवला नाही. असं तंतोतंत तेच पुन्हा आलं की वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस ढिम्म आहे, आणि तो ढिम्मपणा हाच अर्धा विनोद आहे. एआयला 'तेच पुन्हा काढ' म्हणालात तर तो गॅलरीची जाळी बदलेल, चप्पल बदलेल, वाचणारा फरक शोधत बसेल. त्यामुळे जिथे पुनरावृत्ती आहे तिथे सरळ कॉपी-पेस्ट, लाजायचं काही कारण नाही.

दुरुस्ती करताना पण एका वेळी एकच गोष्ट, 'बाकी काही बदलू नको, फक्त भुवया सरळ कर.' भुवया सरळ करणं हे तुम्हाला वारंवार करावं लागेल, सांगून ठेवतो. एआयची पात्रं अभिनय फार करतात, प्रत्येक जण आश्चर्यचकित, तोंड उघडं, हात हवेत. शेवटच्या चौकटीत नाना जर हसले, डोळा मारला, वाचणाऱ्याकडे बघितलं, तर गेलं सगळं, त्यांना काही विनोदी चाललंय हे माहीतच नसलं पाहिजे. काकूंना पण नुसतं उभं करायचं, कमरेवर हात वगैरे काही नाही. आणि एकाच चित्रावर दुरुस्तीवर दुरुस्ती करत गेलात की ते हळूहळू गढूळ होतं, रेघ जाड-बारीक होते, २०२५ मध्ये चॅटजीपीटीत तर पिवळट झाकही चढायची. तसं दिसायला लागलं की ते सोडून मूळ कागदापासून पुन्हा सुरू करायचं, ओढत बसायचं नाही.

स्थानिक गोष्टींत तो हमखास घसरतो. मिसळ मागा, पाव म्हणून बर्गरचा बन येतो, तीळ लावलेला, आणि तर्री म्हणजे टोमॅटो सूप. नऊवारी मागा, पदर बरोबर असतो पण काष्टा गायब. रिक्षा बऱ्याचदा थायलंडची. यावर उपाय एकच, आपण काढलेला फोटो संदर्भ म्हणून द्यायचा, रविवार कारंजा हवा असेल तर एकदा जाऊन फोनवर टिपून आणायचा, गॅलरी हवी तर आपल्याच बिल्डिंगची. नाहीतर ती गोष्ट चौकटीबाहेर ठेवायची. दुतोंड्या मारुती मी दाखवलाच नाही. एक तर देवाला विनोदात ओढायचं नाही हा माझा नियम, आणि दुसरं म्हणजे एआय त्याला पिळदार दंडांचा, सोन्याने मढवलेला करून टाकतो, पुराच्या पाण्यात वर्षानुवर्षं उभा असलेला आपला मारुती तो नव्हेच. पाठमोरा घ्यावा म्हटलं तर तिकडूनही तोंडच. नुसतं 'मारुतीच्या' म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यासमोर तो येतो, चित्राची गरज नाही.

अक्षरांचं दुखणं तुम्ही म्हणता ते सगळ्यांनाच आहे. नवी मॉडेलं छोटं मराठी वाक्य कधीकधी नीट लिहितात, पण जोडाक्षर आलं, 'वाऱ्यावर'मधला तो अर्धा र आला, किंवा दोन ओळींपेक्षा मजकूर वाढला की भरवसा नाही, आणि एक मात्रा तुटली की दुरुस्तीसाठी पुन्हा सगळं चित्र करा. म्हणून प्रॉम्प्टमध्ये दरवेळी लिहायचं, 'चित्रात कुठलीही अक्षरं नकोत, फुगे नकोत, पाट्या कोऱ्या ठेव, वरचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेव.' मोकळा भाग आधी मागितला नाही तर फुगा नानांच्या डोक्यावर बसतो. मग अक्षरं आपण टाकायची, कॅनव्हा चालेल, कॉम्प्युटरवर इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी नीट सांभाळतं. फोटोशॉप जुनं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू करा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते.

फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, बालू गुबगुबीत आहे, विनोदी मजकुराला शोभतो, कलम हाताने लिहिल्यासारखा दिसतो, लांब संवाद असतील तर मुक्ता. फक्त ल आणि श बघून घ्या, बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाचे येतात, मराठी वाचणाऱ्याला काहीतरी खटकतं पण काय ते कळत नाही. ओळींमध्ये अंतर इंग्रजीपेक्षा जास्त द्यायचं कारण आपल्याकडे वर मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन्ही एकमेकांत घुसतात. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुतेक वेळा सगळी अक्षरं कॅपिटल असतात, आपल्याकडे कॅपिटलच नाहीत, मग ओरडणं दाखवायचं तर अक्षर मोठं करा किंवा अवग्रह लावा, 'आईऽऽऽ गं', वाचताना आवाज आपोआप लांबतो. ओळ तोडायची ती श्वास जिथे तुटतो तिथे. 'घरात कालपासून' एका ओळीत, 'थेंब नाही' दुसऱ्या ओळीत. उलटं केलं, 'घरात' वर आणि 'कालपासून थेंब नाही' खाली, तर तो क्षणभराचा थांबा चुकीच्या जागी पडतो. करून बघा, फरक लगेच कळेल. एका फुग्यात दहा-बारा शब्दांच्या वर गेलात की फोनवर कुणी वाचत नाही.

आणि आवाजाचे शब्द एआयवर सोडू नका, तो 'बूम' आणि 'क्रॅश' लिहितो. आपल्याकडे या बाबतीत केवढी श्रीमंती आहे, धप्प, खळ्ळ, पचकन, भसकन, फस्स, चर्रर्र, रपरप. दार लागलं तर धाडकन, फोडणी बसली तर चर्र. वॉचमन चिखलात पडला तर एकट्या 'पचाक'वर चौकट चालते, चित्रात फक्त हवेत उडालेली चप्पल दाखवा, पडलेला माणूस काढायची पण गरज नाही.

हक्कांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण उद्या एखादा दिवाळी अंक मागेल. अमेरिकेत 'झार्या ऑफ द डॉन' नावाचं कॉमिक मिडजर्नीने चित्रं करून काढलं होतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने सांगितलं की मजकूर आणि चौकटींची निवड-मांडणी यावर लेखिकेचा हक्क, सुट्या चित्रांवर नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आलंय, कॉम्प्युटरने तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारी व्यक्ती. पण ते कलम आजच्या एआयच्या कितीतरी आधीचं, त्याच्या भरवशावर निर्धास्त होऊ नका. तुमचा हात जितका जास्त, म्हणजे कच्ची रेखाटनं, लिहिलेली स्क्रिप्ट, अक्षरलेखन, तितका तुमचा दावा सरळ, म्हणून ते बॉलपेनचे कागद फेकू नका, तारीख टाकून फाईलला लावा. आणि संपादकांना आधीच सांगायचं की चित्रं एआयची आहेत. काही जण नाही म्हणतात, त्यांचा अधिकार आहे.

अमक्याच्या शैलीत काढ, असं मागू नका. कायद्याचं राहू द्या, २०२५ च्या मार्चमध्ये तो जपानी ॲनिमेशनसारखे फोटो करायचा ताप आला होता आठवतंय ना, आठवडाभर निम्म्या नाशिकचे डीपी एकसारखे दिसत होते. तुमची स्ट्रिप लांबून तुमची म्हणून ओळखू यायला हवी असेल तर रेघेची जाडी आणि चार रंग एकदा ठरवा आणि ते कधी बदलू नका. मी मळकट पिवळा, विटकरी, राखाडी-निळा आणि काळा वापरतो, स्वस्त छपाईत पण बरे दिसतात.

सोसायटीच्या किश्श्यांत एक पथ्य पाळा, खऱ्या माणसांचे फोटो चढवून त्यांची पात्रं करू नका. सेक्रेटरींचा चेहरा एआयला दिला की ते हुबेहूब येतील, ग्रुपवर दोन दिवस हशा होईल आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये निघेल. तीन बिल्डिंगमधल्या तीन माणसांचं मिळून एक पात्र करा, बाई असेल तर बाप्या करा, मजला बदला. गंमत म्हणजे असं केलं की प्रत्येक सोसायटीतल्या लोकांना वाटतं ही आमच्याच सेक्रेटरींवर आहे. विषयांची कमी पडायची नाही, सिंहस्थ २०२७ चा आहे, नुसत्या खोदलेल्या रस्त्यांवर आणि 'पाहुणे कुठे झोपवायचे' यावर वर्षभर पुरेल.

चौकटी जोडताना प्रत्येक चौकटीला सारखी काळी किनार, मध्ये पांढरी फट. फोनवर आडव्या चार चौकटी एवढ्याशा दिसतात म्हणून दोनावर दोन ठेवा, किंवा इन्स्टावर टाकणार असाल तर १०८० बाय १३५० च्या मापात एकेक चौकट वेगळी सरकवत जायची, त्यात फायदा असा की शेवटची चौकट आधी दिसत नाही. दोनावर दोनमध्ये नजर खाली उजवीकडे आधीच पळते, म्हणून तिथे बादली जरा लहानच ठेवली मी, काकू दाराच्या आत, अर्धवट अंधारात. छापायची असेल तर ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतील. एआयचं चित्र तेवढं मोठं नसतं, वाढवून घ्यावं लागतं, आणि अक्षरं मात्र वाढवल्यानंतरच टाकायची म्हणजे कडा स्वच्छ राहतात. व्हॉट्सॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला की दाबला जातो आणि बारीक मात्रा पुसट होतात.

ग्रुपवर टाकायच्या आधी घरातल्या एकाला फोन हातात द्या, काही न सांगता, आणि स्ट्रिपकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघा. घरात कुणी नसेल तर एआयलाच स्ट्रिप दाखवून 'इथे काय चाललंय ते सांग' म्हणा, त्याने बादली ओळखलीच नाही तर चित्रात घोळ आहे. विनोद चांगला झालाय का हे मात्र त्याला विचारू नका, तो कशालाही छानच म्हणतो. घरचा माणूस 'म्हणजे?' म्हणाला तर समजावू नका, फोन परत घ्या आणि बहुतेक वेळा तिसरी चौकट दुरुस्त करा, घोळ तिथेच असतो, एक तर तिने गुपित आधी फोडलेलं असतं किंवा वाचणाऱ्याला भलतीकडे नेलेलं असतं. आणि तुमचा तो लिफ्टचा किस्सा, ज्यात बंद लिफ्टवर 'वापरू नये' पाटी लावायला आलेले काका स्वतःच आत अडकतात, तो पहिला घ्या. त्यात तीनच चौकटी पुरतील. शेवटच्या चौकटीत काका दाखवू नका, बंद दार, त्यावर पाटी, आणि आतून एक फुगा.